नापसंती ते शिसारी: इंग्रजीतल्या द्वेषाच्या आणि टीकेच्या शब्दांचा आढावा

रात्री अकराच्या सुमारास वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी आली. मी तेव्हा एका मराठी दैनिकात भाषांतराचे काम करत होतो. मथळ्यात 'स्लॅम्स' हा शब्द होता. उच्च न्यायालयाने एका नगरपालिकेला 'स्लॅम' केले होते. पान सोडायला वीस मिनिटे उरली होती. मी लिहिले, 'न्यायालयाने पालिकेची खरडपट्टी काढली.' सकाळी फोन आला तो पालिकेच्या विरोधात उभ्या असलेल्या वकिलांचा, म्हणजे ज्यांना माझा मथळा आवडायला हवा होता त्यांचाच. "अहो, खरडपट्टी कुठली? न्यायमूर्तींनी नाराजी व्यक्त केली, एवढंच. आदेश वाचा." आदेशात खरोखरच 'डिसप्लेझर' एवढाच शब्द होता आणि त्यापुढे पालिकेला चार आठवड्यांची मुदत. न्यायालयाने न उच्चारलेला आवेश मूळ बातमीदाराने एकदा घातला होता आणि त्यावर मी आणखी एक थर चढवला होता.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. इंग्रजीत द्वेष, तिरस्कार आणि झोडपणारी टीका यांसाठी जो शब्द भेटेल तो उतरवायचा, तो कोण कोणाला म्हणतो ते लिहायचे आणि शेजारी मराठीतला जवळचा शब्द. वही भरत गेली तसे एक लक्षात आले. पीटर मार्क रोजे या डॉक्टराने १८५२ साली अर्थानुसार शब्द मांडणारा आपला प्रसिद्ध कोश छापला, तेव्हापासून हे शब्द वाचकासमोर एका ओळीत, स्वल्पविराम देऊन उभे असतात. ओळीतला कुठलाही उचलला तरी चालेल असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यात कोसांचे अंतर असते. सर्वांत मोठे अंतर आहे ते द्वेषाचा शब्द आणि टीकेचा शब्द यांच्यात. हे अंतर पुसले गेले की काय होते हे मराठी माणसाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्याकडे त्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. त्याकडे पुढे येतोच.

आधी शब्दांची गर्दी कशी झाली ते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. घरात, शेतात जुनी इंग्रजी राहिली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधून शब्द आणले. म्हणून 'हेट' आणि 'लोद' हे घरचे, 'स्कॉर्न' आणि 'डिस्डेन' हे फ्रेंचच्या वाटेने आलेले, आणि 'अबॉमिनेट', 'एक्झिक्रेट' हे पोथीतले. आपल्याला हे नवे नाही. किळस, तिटकारा, वीट हे घरचे; दुश्मनी, अदावत, नफरत फारसी-अरबीच्या वाटेने आलेले; द्वेष, घृणा संस्कृत. मराठी माणूस भांडताना 'मला त्याची घृणा वाटते' म्हणत नाही, 'त्याचं तोंड बघायला नको' म्हणतो. इंग्रज माणूसही घरात 'अबॉमिनेट' म्हणत नाही. शिकून इंग्रजी लिहिणारे आपण मात्र नेमका हाच शब्द उचलतो, कारण कोशात तो सगळ्यांत भारदस्त दिसतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलेल्या पत्रात मी 'अबॉमिनेबल' वाचला आहे.

शब्दांच्या पोटात डोकावले की प्रत्येकात शरीराची एक हालचाल दडलेली सापडते. 'डिस्पाइज' म्हणजे मुळात खाली पाहणे. आपले 'तुच्छ लेखणे' त्याच्या अगदी जवळ. 'अव्हर्शन' म्हणजे तोंड फिरवणे. 'डिसगस्ट'मध्ये जीभ आहे, चव नकोशी होणे आहे. ही आपली किळस. 'रँकर' म्हणजे मनात धरून ठेवलेला आकस, आणि त्याचे मूळ खवट होण्यात आहे: जुने तेल जसे डब्यात खवट होते तसा मनातला राग. 'डिटेस्ट'मध्ये साक्षीदार आहे. देवाला साक्षी ठेवून शाप देणे हा त्याचा लॅटिनमधला अर्थ. 'अबॉमिनेट'मध्ये अपशकुन आहे, समोर आलेली अभद्र गोष्ट दूर सारणे. मध्ययुगातल्या लेखनिकांना वाटले की यात 'होमो', म्हणजे माणूस असावा, 'माणुसकीला सोडून असलेले'. म्हणून त्यांनी त्यात एक जास्तीचा 'ह' घुसवला. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मधला पंडित मास्तर तो 'ह' उच्चारलाच पाहिजे असा आग्रह धरतो.

माझा सर्वांत आवडता शब्द 'अब्हॉर'. लॅटिन 'होरेरे' म्हणजे केस ताठ उभे राहणे, अंगावर काटा येणे. त्यापासून भीतीचा 'हॉरर', आणि काटा येऊन मागे सरण्याचा 'अब्हॉर'. भाषाशास्त्रज्ञ या 'होरेरे'चे नाते संस्कृतच्या 'हृष्' धातूशी जोडतात. आपल्या 'रोमहर्ष'मध्येही केस उभेच राहतात. एकाच कुळातला शब्द रोमकडे गेला आणि भयाचा झाला, आपल्याकडे आला आणि हर्षाचा झाला. 'घृणा'नेही असाच प्रवास केला आहे. संस्कृतात ती कधी करुणाही होती. शब्द कुठल्या घरात वाढला यावर त्याचा स्वभाव ठरतो.

वापरात ही मुळे आजही थोडीफार जागी आहेत. 'अब्हॉर' बहुधा तत्त्वाच्या बाजूने येतो. हिंसा, गुलामगिरी, छळ यांना माणूस 'अब्हॉर' करतो, शेजाऱ्याच्या रेडिओला नाही. 'लोद'मध्ये शिसारी आहे, आतून येणारी, कारण न सांगता येणारी. याच शब्दाचे जुळे भावंड 'लोथ'. लिहिताना शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण अर्थ नुसता 'नाखूश', 'मन होत नाही'. मोठमोठ्या इंग्रजी लेखकांच्या हातूनही इथे घोळ होतो आणि 'जायला मन होत नाही'ऐवजी 'जाण्याची शिसारी येते' असे छापून जाते. 'हेट' सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत झिजलेला. कोमट चहा, सोमवार, ट्रॅफिक या सगळ्यांना 'हेट' करता येते. म्हणून इंग्रजीत खरोखरचा द्वेष सांगायचा असेल तर एक तर दुसरा शब्द शोधावा लागतो, नाही तर 'हेट'ला जोड द्यावी लागते. 'हेट क्राइम', 'हेट स्पीच' या जोडशब्दांत त्याला त्याचे जुने वजन परत मिळाले आहे.

राग आणि द्वेष यांतला फरक मला कोणत्याही आधुनिक कोशापेक्षा ॲरिस्टॉटलने जास्त नीट सांगितला आहे असे वाटते. वक्तृत्वावरच्या ग्रंथात तो म्हणतो की राग एका व्यक्तीवर असतो, द्वेष एका अख्ख्या वर्गावरही असू शकतो. राग काळाने शमतो, द्वेष शमत नाही. रागावलेल्याला वाटते की समोरच्याने दुःख भोगावे; द्वेष करणाऱ्याला वाटते की तो असूच नये. इंग्रजी शब्दांची चाळणी करताना हा निकष फार उपयोगी पडतो. 'रिझेंटमेंट', 'इंडिग्नेशन' रागाच्या बाजूला. 'हेट्रेड', 'एन्मिटी', 'ओडियम' दुसऱ्या बाजूला. 'कंटेम्प्ट' वेगळ्याच जागी, कारण तिथे समोरचा द्वेषाच्याही लायकीचा मानला जात नाही. द्वेष बहुतेक वेळा बरोबरीच्याचा किंवा वरच्याचा करतात. तुच्छता वरून खाली वाहते. जातीने पोळलेल्या आपल्या समाजाला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

आता टीकेकडे. इथे इंग्रजी आणि मराठी इतक्या जवळ येतात की थक्क व्हायला होते. 'एक्सकोरिएट' म्हणजे अक्षरशः कातडे सोलणे. मराठीत सालटी काढतात. 'लॅम्बेस्ट'मध्ये दोन्ही तुकड्यांचा अर्थ मारणे. आपण झोडपतो, कोरडे ओढतो. 'सार्कॅझम'च्या मुळाशी ग्रीकमधले मांस ओरबाडणे आहे. आपण लचके तोडतो. 'डेनिग्रेट' म्हणजे काळे करणे. आपण तोंडाला काळे फासतो. 'कॉस्टिक' जाळतो, 'व्हिट्रिऑलिक'मध्ये गंधकाम्ल आहे. 'कॅस्टिगेट' मात्र वेगळा. त्याच्या मुळाशी 'कास्टुस', म्हणजे शुद्ध. फटके मारायचे ते शुद्ध करण्यासाठी. शिक्षा करणाऱ्याला आपण उपकार करतो आहोत असे वाटत असते, ते या शब्दाने दोन हजार वर्षे जपून ठेवले आहे.

काही शब्दांमागे लाकूड आणि लोखंड आहे. 'पिलरी' म्हणजे चौकात उभारलेली फळी. तिच्या भोकांतून मान आणि हात अडकवून माणसाला उभे करायचे आणि लोकांनी त्याच्यावर घाण, दगड फेकायचे. 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डिफो १७०३ साली लंडनमध्ये तीन दिवस असा उभा होता, धर्माच्या प्रश्नावर लिहिलेल्या एका पत्रकापायी. जमावाने त्याच्यावर फुले टाकली असे सांगितले जाते. १८३७ साली इंग्लंडमध्ये ही शिक्षा रद्द झाली आणि शब्द तेवढा उरला. आज एखाद्याला सार्वजनिकरीत्या 'पिलरी' केले जाते तेव्हा फळी नसते, जमाव असतोच.

'फिलिपिक' हा जिव्हारी लागणाऱ्या भाषणाचा शब्द. अथेन्सच्या डेमॉस्थेनिसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मॅसिडोनियाचा राजा फिलिप, म्हणजे सिकंदराचा बाप, याच्याविरुद्ध भाषणे केली, त्यावरून. तीनशे वर्षांनी रोममध्ये सिसेरोने मार्क अँटनीवर चौदा भाषणे रचली आणि तेच नाव त्यांना दिले. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये अँटनीच्या माणसांनी सिसेरोला मारले. त्याचे डोके आणि लिहिणारा हात रोमच्या चौकात त्याच व्यासपीठावर लावले जिथून तो बोलत असे. कठोर शब्दाला उत्तर म्हणून हात तोडणाऱ्याला त्या शब्दाची ताकद पुरती कळलेली असते.

'डायट्राइब'ची गोष्ट आपल्या मनाला अधिक भिडावी. ग्रीकमध्ये तो वेळ घालवणे, मग अभ्यास, मग प्रवचन असा होता. इंग्रजीत येऊन त्याची आगपाखड झाली. आपली 'टीका' हीच वाट चालली आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे असे आपण आजही म्हणतो. टीका म्हणजे कठीण ते सोपे करून सांगणे, अर्थ उलगडणे. इंग्रजी 'क्रिटिसिझम'च्या मुळाशीही निवडणे, पारखणे आहे. सुपात धान्य पाखडताना खडे बाजूला पडतात, पण पाखडणारी खड्यांसाठी पाखडत नाही. दोन्ही भाषांत लोकांना शेवटी खडेच आठवले. हे मला मनापासून दुःखाचे वाटते, कारण पहिला अर्थ गेला की टीका करणारा आपोआप शत्रू ठरतो.

टीकेच्या शब्दांत एक गोष्ट नीट पाहायला हवी: कोण बोलतो आहे. 'रेप्रिमांड' वरिष्ठ देतो आणि तो कागदावर चढतो. आपली समज किंवा ठपका. 'रिप्रोच' बरोबरीचा, प्रेमाचा माणूसही करू शकतो. त्यात दुखावलेपण असते. 'सेन्शर' सभागृह करते, ठराव करून. आपल्या विधिमंडळाच्या भाषेत निंदाव्यंजक ठराव. अमेरिकन सिनेटने २ डिसेंबर १९५४ रोजी ६७ विरुद्ध २२ मतांनी सिनेटर जोसेफ मॅकार्थीचा निषेध केला, तेव्हा मूळ प्रस्ताव 'सेन्शर'चा होता आणि मंजूर ठरावात शब्द आला 'कंडेम'. हे खरे 'सेन्शर' आहे का, यावर सिनेटर वाद घालत बसले. शब्दाला वजन देणारी सभागृहे असतात तोवर असे वाद होतात, आणि ते व्हावेत.

दुसरी गोष्ट, शब्दाचे टोक कुठे टेकते. 'क्रिटिसाइज', 'कंडेम' यांना कृती चालते. 'व्हिलिफाय', 'रिव्हाइल', 'मलाइन' यांना माणूसच लागतो. पहिल्यातून दुसऱ्यात घसरणे किती सोपे असते याचे ठळक उदाहरण इंग्रज कवी जॉन कीट्सचे. १८१८ साली त्याचे 'एंडिमियन' आले. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त जॉन विल्सन क्रोकरने त्यावर लिहिले आणि पहिल्या सर्गाच्या पुढे आपण वाचले नसल्याचे कबूल करूनच ते काव्य निकालात काढले. 'ब्लॅकवुड्स' मासिकाने त्याहून पुढे जाऊन कवीचा वर्ग, त्याचे शिक्षण, औषधविद्येतली त्याची उमेदवारी यांवर हात टाकला. १८२१ च्या फेब्रुवारीत कीट्स रोममध्ये क्षयाने वारला, वय पंचवीस. कवी शेलीने समीक्षेला मृत्यूचे कारण ठरवले. ते खरे नव्हते, मारले क्षयानेच. पण काव्यावरची टीका कुठे संपली आणि माणसाचा तिरस्कार कुठे सुरू झाला, ते त्या पानांवर बोट ठेवून दाखवता येते.

हीच सीमारेषा एका इंग्रजी शब्दावर मुंबईत तपासली गेली, १८९७ साली. राजद्रोहाचे १२४-अ हे कलम भारतीय दंडसंहितेत १८७० मध्ये आले होते. त्याचा कणा एकच शब्द: 'डिसअफेक्शन'. सरकारबद्दल ही भावना चेतवणे हा गुन्हा. सोबत एक स्पष्टीकरण होते: सरकारच्या उपाययोजनांबद्दल 'डिसअ‍ॅप्रोबेशन', म्हणजे नापसंती, व्यक्त करणे हा गुन्हा नाही. अप्रीती गुन्हा, नापसंती माफ. दोन लॅटिन वळणाचे शब्द आणि त्यांच्यामधून जाणारी एक पायवाट.

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आली. आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. 'केसरी'कार टिळकांवर खटला भरला तो त्या मजकुरासाठी. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्थर स्ट्रेची यांनी ज्यूरीला 'डिसअफेक्शन'चा अर्थ समजावला: 'अफेक्शन'चा अभाव. त्यात द्वेष आला, वैर आले, नावड आली, तुच्छता आली, हर प्रकारचा दुर्भाव आला. रोजेच्या कोशातली अख्खी ओळच त्यांनी गुन्ह्याच्या व्याख्येत ओतली. नावड आणि द्वेष एका तराजूत गेले. सहा युरोपियन ज्यूरर एका बाजूला, तीन भारतीय दुसऱ्या. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या 'प्रतोद' या पत्रावरच्या खटल्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पूर्णपीठावर होते. पत्राच्या नावाचा अर्थच चाबूक. रानड्यांनी तिथे लिहिले की 'डिसअफेक्शन' म्हणजे नुसता प्रेमाचा अभाव नव्हे. ती सक्रिय तिटकाऱ्याची, राजनिष्ठेच्या उलट जाणारी भावना आहे. त्या आरोपींना याचा फायदा झाला असे समजू नये, पण शब्दार्थाच्या बाबतीत रानडे बरोबर होते आणि स्ट्रेची चूक. 'डिसलाइक', 'डिसगस्ट' यांतल्या 'डिस'ने नुसता अभाव दाखवला जात नाही, उलटी भावना दाखवली जाते; ही गोष्ट इंग्रजी मातृभाषा असलेल्या न्यायाधीशापेक्षा ती शिकून घेतलेल्या न्यायाधीशाने अधिक नेमकी ओळखली. सरकारने १८९८ मध्ये कलम बदलले आणि त्यात 'हेट्रेड' आणि 'कंटेम्प्ट' हे दोन शब्द उघडपणे घातले. 'डिसअफेक्शन'मध्ये बेइमानी आणि वैरभाव येतो असेही लिहून टाकले.

१९०८ मध्ये टिळक पुन्हा त्याच न्यायालयात उभे होते, या वेळी 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' यांसारख्या लेखांसाठी. स्वतःची बाजू त्यांनी स्वतःच मांडली. भाषण एकवीस तासांवर चालले. त्यातला मोठा भाग भाषांतरावर होता. मराठी लेख ज्यूरीपुढे इंग्रजीतून ठेवले गेले होते, आणि टिळकांची तक्रार अशी की मराठी शब्दाची धार इंग्रजीत जाताना बदलली आहे, साधा शब्द कठोर झाला आहे. त्यांनी न्यायालयाच्या भाषांतरकाराला एकेका शब्दावर उलटतपासणीत घेतले. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी ज्यूरीच्या सात विरुद्ध दोन कौलावर २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, आणि टिळक मंडालेला गेले. माझ्या टेबलावर त्या रात्री वीस मिनिटांत जे घडले, तेच तिथे सरकारी शिक्क्यानिशी घडले होते, आणि त्याची किंमत माणसाच्या आयुष्यातल्या सहा वर्षांनी मोजली गेली. चौदा वर्षांनी अहमदाबादच्या राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींनी 'डिसअफेक्शन' या शब्दालाच हात घातला: प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांचे उदाहरण समोर ठेवून त्यांनाही सहा वर्षेच दिली.

शब्दांचा अर्थ रुंदावणे नेहमी वाईटच असते असे मात्र नाही. 'मिसॉजिनी' म्हणजे कोशात स्त्रियांचा द्वेष. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसदेत विरोधी पक्षनेत्याला उद्देशून तो शब्द वापरला. लोक म्हणाले, द्वेष कुठे आहे, हा तर नुसता पूर्वग्रह. तिथल्या मॅक्वॉरी कोशाने आपली व्याख्या तपासली आणि स्त्रियांविषयीचा मुरलेला पूर्वग्रह हा अर्थही त्यात घेतला, कारण लोक प्रत्यक्षात तसा वापरत होते. मला तो निर्णय पटतो. मुरलेल्या पूर्वग्रहाला आरडाओरडा लागत नाही, म्हणून त्याला सौम्य शब्दात सोडून द्यावे असे नाही. 'झेनोफोबिया'सारख्या शब्दांबद्दल माझे मत उलटे आहे. परक्याच्या द्वेषाला तिथे 'भय' म्हटले जाते आणि द्वेष करणारा जणू रुग्ण होतो.

कठोरपणा आणि द्वेष यांना वेगळे ठेवून इंग्रजीत कसे लिहावे, याचा धडा हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकरांचे १९३६ चे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्यावे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला ते भाषण झेपले नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. इंग्रजीतला विध्वंसाचा जवळजवळ शेवटचा शब्द त्यांनी निवडला, ज्याच्या मुळाशी 'निहिल', म्हणजे काहीही नाही. पण त्याचे टोक व्यवस्थेवर आहे, माणसांच्या समूहावर नाही. शीर्षकातच ते ठरले आहे.

आजची आपली वृत्तपत्रे आणि वाहिन्या 'स्लॅम', 'ब्लास्ट', 'रिप्स इन्टू' यांचे भाषांतर दिवसभर करतात: फटकारले, झापले, सुनावले, धारेवर धरले. मराठीकडे ताशेरे आहेत, कानउघाडणी आहे, खडे बोल आहेत, हजेरी घेणे आहे, वाभाडे आहेत, शालजोडीतले आहेत. कानउघाडणी आपल्या माणसाची करतात, वाभाडे परक्याचे काढतात. ताशेरे न्यायालय किंवा लेखापरीक्षक ओढतो, शेजारीण ओढत नाही. एवढी बारकाई घरात असताना ती एका 'फटकारले'त बुडवायची हे मला सहन होत नाही.

१ जुलै २०२४ पासून १२४-अ हे कलम राहिले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये 'डिसअफेक्शन' नाही. फुटीरता, सशस्त्र बंड, विघातक कारवाया असे शब्द आहेत. स्पष्टीकरणात मात्र 'डिसअ‍ॅप्रोबेशन' तसाच आहे, १८७० पासूनचा. माझ्या वहीत त्याच्यासमोर 'नापसंती' लिहिले आहे, आणि त्या वकिलांच्या फोननंतर कंसात 'नाराजी'.